पुढच्या सालची परीक्षा

चैत्रात कडुलिंब फुलला की अजूनही मला कसला तरी अभ्यास राहून गेल्यासारखं वाटतं. शाळेतली नोकरी संपून जमाना झाला. तरी जालन्याच्या माझ्या घरासमोर लिंबाच्या फुलांचा तो बारीक सडा पडला, त्याचा गोडसर-कडसर वास दुपारच्या झळांबरोबर आत आला, की छातीत उगीच धडधडायला लागतं. काहीतरी वाचायचं राहिलंय, कुणीतरी विचारणार आहे, आणि आपल्याला येणार नाही. मग आठवतं की मला विचारणारं आता कुणी उरलेलं नाही. धडधड थांबते. त्यानंतर जे वाटतं ते धडधडीपेक्षा वाईट असतं.

लिंबाच्या त्या वासाला माझ्या मनात एक नाव आहे, शमीम.

हैद्राबादेतलं आमचं कॉलेज अगदी लहान होतं. निजामाचं राज्य, शिकवणं सगळं उर्दूतून, आणि मुलींचं कॉलेज म्हणून भोवती पुरुषभर उंचीच्या वर भिंत. इतक्या कमी मुली की एखादी तापानं पडली तर वर्ग ओकाबोका वाटे. इतिहासाचे प्रोफेसर म्हातारे गृहस्थ होते. ते बांबूच्या पडद्यापलीकडून शिकवत आणि आम्ही पडद्याअलीकडे बसत असू. त्यांनी आमची तोंडं कधी पाहिली नाहीत, पण आवाजावरून प्रत्येकीला ओळखत. मी एखाद्या सकाळी झोपून राहिले तर शमीम माझ्या आवाजात, माझ्या मराठी वळणानं "हाजिर" म्हणायची. एकदा तिनं असं म्हटल्यावर पडद्यापलीकडून शांतपणे उत्तर आलं, की इंदूबाईंना सांगा, तुमची हजेरी तुमच्यापेक्षा चांगली उर्दू बोलते. सगळा वर्ग ओढणीत तोंड खुपसून हसत होता.

मी अंबडची. माझे वडील तिथल्या कचेरीत वकील. शमीम जालन्याची. तिचे वडील जालन्यात फारसी शिकवत, सगळं गाव त्यांना मास्टरसाहेब म्हणे. ते आणि माझे वडील लहानपणी एका बाकावर बसलेले. म्हणूनच वडिलांनी मला इतक्या लांब शिकायला धाडलं. मास्टरची पोरगी आहे ना संगं, मंग काय भ्यायचं, असं त्यांनी आईला समजावलं होतं. जालना स्टेशनावर आम्ही दोघी बायकांच्या डब्यात चढायचो आणि काचीगुड्याला उतरेपर्यंत बोलत राहायचो. ती उर्दूत सुरू करायची, मी मराठीत, आणि परभणी मागं पडेस्तोवर दोघींची मिळून तिसरीच एक भाषा झालेली असायची.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकीला एक प्रबंध लिहावा लागे. आम्हाला भाषा शिकवणाऱ्या बाई होत्या, सगळ्या मुली त्यांना बडी आपा म्हणत. त्यांचं म्हणणं असं, की पुस्तकातून पुस्तक काढायचं असेल तर माझ्याकडे येऊ नका, आपापल्या घरात कान देऊन बसा आणि काय ऐकलं ते सांगा. मी गोदाकाठच्या गावांच्या नावांचा विषय घेतला. शहागड कसं झालं, घनसावंगीतली सावंगी कुठून आली, असं काहीबाही. शमीमनं घेतला तो विषय ऐकून मात्र दुसरे एक प्रोफेसर मोठ्यानं हसले होते म्हणे. तिला आपल्या अम्मीच्या बोलण्यातली मराठी शोधायची होती.

जालन्याच्या मुसलमान घरांतून जी उर्दू बोलतात ती पुस्तकातली नव्हे. अम्मी "मत" म्हणत नसे, "नक्को" म्हणे. "मैं ही" म्हणत नसे, "मैंच" म्हणे. हा "च" आमचा आहे, मराठीचा, हे शमीमला पहिल्यांदा कळलं ते माझ्याशी भांडताना. मी काहीतरी "आत्ताच" म्हणाले आणि ती भांडण विसरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. हसणारे प्रोफेसर म्हणाले, ही तर चुलीपुढची भाषा, हिच्यावर काय लिहायचं. बडी आपा त्यांना एवढंच म्हणाल्या, की जेवता ना तुम्ही तिथलंच?

शमीमला तो प्रबंध नुसता पास होण्यासाठी नको होता. पास झाल्यावर पुढे दोन वर्षं कॉलेजातच राहून तेच काम वाढवायचं, मग बीदर, गुलबर्ग्यापर्यंत जाऊन बायकांचं बोलणं ऐकायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. बडी आपांनी शब्दही दिला होता. आमच्यातल्या बाकीच्या मुली परीक्षेनंतरच्या लग्नांच्या गोष्टी करत. ही बीदरच्या बायका "इकडे ये" कसं म्हणत असतील याचा विचार करत बसायची.

ते अठ्ठेचाळीस साल होतं. बाहेर देश स्वतंत्र झाला होता आणि आम्ही अजून निजामाच्या राज्यात होतो. हैद्राबादेत रोज काहीतरी ऐकू यायचं. कॉलेजनं परीक्षेच्या बऱ्याच आधी सुट्टी दिली आणि घरी बसून वाचा, परीक्षेला या, असं सांगितलं. माझ्या घरी मात्र कुणीच नव्हतं. अंबडकडची खेडी रझाकारांच्या भीतीनं रिकामी होत होती, आई धाकट्यांना घेऊन सरहद्दीपलीकडे देऊळगाव राजाला मामाकडे गेल्ती. वडील मागोमाग जाणार होते. मास्टरसाहेब स्टेशनावर आम्हाला उतरवून घ्यायला आले ते माझी ट्रंक हातात घेऊनच म्हणाले, की इंदू आमच्याकडे राहील, परीक्षेची गाडी इथूनच सुटते.

अशी मी त्या हंगामात जालन्यातल्या कादराबाद भागात त्यांच्या घरी राहिले. आज मागं वळून बघते तर इतका निवांत अभ्यास मी पुन्हा कधी केला नाही. गावात सरकीच्या धुळीचा वास असे, जिनिंगचा मोसम संपत आलेला, रस्त्याच्या कडेला कापसाचे पुंजके लोळत. कुंडलिका आटली होती. बायका वाळूत झिरे काढून पाणी भरत. अम्मीनं गच्चीवर शेवया घातल्या होत्या. बाजांवर, दोऱ्यांवर, जिथं जागा मिळेल तिथं त्या पांढऱ्या शेवया लोंबत आणि कावळे हाकायचं काम आमच्याकडे. शेवयांच्या त्या आडोशाला बसून आम्ही वाचायचो. एकीनं प्रश्न विचारायचा, दुसरीनं उत्तर द्यायचं, चुकली की तिनं उठून कावळे हाकायचे. मीच जास्त वेळा उठायची. परसातल्या लिंबाची फुलं वाऱ्यानं गच्चीवर येत आणि पुस्तकांच्या पानांमध्ये अडकत.

अम्मी म्हणजे शमीमचं चालतं-बोलतं काम. बिचारी काहीही बोलली की शमीम पेन्सिल उचलायची. अम्मी वैतागायची, की आता मी घरात बोलूच नक्को का. शमीम म्हणायची, बोल, बोल, पुन्हा एकदा बोल. मग माझ्याकडे वळून, हे तुमच्यात कसं म्हणतात गं? मी सांगायची. अम्मी दोन्ही ऐकायची आणि म्हणायची, की यात शोधायचं काय आहे, तुझी आजी आणि हिची आजी एकाच नदीवर धुणं धूत होत्या. शमीम तेही उतरवून घ्यायची. प्रबंधाचं पहिलं वाक्य हेच ठेवणार, म्हणायची. मास्टरसाहेब आतून हुक्क्याची गुडगुड थांबवून विचारत, की हैद्राबादेत ते चालेल का. आणि स्वतःच म्हणत, न चालायला काय झालं, खरं आहे ते.

एका सकाळी वडिलांचा निरोप घेऊन गावाकडचा एक माणूस आला. रस्ते बंद होऊन राह्यलेत, पोरीला ताबडतोब देऊळगावला पोचवा, परीक्षा राहू द्या. मास्टरसाहेबांनी दोनदा ऐकून घेतलं आणि टांगा सांगायला निघून गेले. मी रडायला लागले. चार वर्षं केलेलं सगळं आता दहा-बारा दिवसांवर आलं होतं. शमीम रडली नाही. तिनं स्वतःचा बुरखा आणला, माझ्या डोक्यावरून घातला, पट्टी बांधली, आणि मागे सरून नीट दिसतंय का ते पाहिलं. मग म्हणाली,

"मैं बी नै देती. पुढच्या साली दोघी मिळून देऊ."

मी म्हणाले, तू वेडी आहेस का, तुझे मामू हैद्राबादेत आहेत, तुला कोण अडवतंय, बडी आपा वाट बघून राह्यल्यात. ती म्हणाली, तुझ्याशिवाय मला कोण प्रश्न विचारणार? आणि प्रबंधात अजून खूप राहिलंय, एक साल मिळालं तर बरंच. हे ती इतकं सहज म्हणाली की त्या घाईत मला ते खरंच वाटलं. प्रबंध पुरा झालेला होता. तिनं तो मला वाचून दाखवला होता.

टांग्याला पडदा लावला होता. मी आत, मास्टरसाहेब पुढे टांगेवाल्याजवळ. सरहद्दीच्या अलीकडे नाका होता. तिथं सरकारी शिपायांबरोबर भाले-बंदुका घेतलेली पोरंही उभी असत. त्या दिवशीही होती. एकानं मास्टरसाहेबांना सलाम केल्याचं मी ऐकलं, त्यांच्याकडे शिकलेला असावा. आत कोण, म्हणून त्यानं विचारलं. मास्टरसाहेब म्हणाले, माझी मुलगी आहे, पोट दुखतंय, देऊळगावच्या दवाखान्यात नेतोय. आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलेल्या माणसाचा आवाज होता तो, जराही हलला नाही. पण त्या मुलाला काय वाटलं कोण जाणे. तो पडद्याजवळ आला आणि अदबीनंच विचारता झाला, की बहन, फार त्रास होतोय का?

चार वर्षं मी उर्दूतून शिकले होते. त्या क्षणी त्यातलं एक अक्षर आठवेना.  आणि मग तोंडातून आलं ते अम्मीचं बोलणं.

"बहोतच दुखरा भाई. रोकू नक्को, जल्दी जाने देओ."

पडद्यापलीकडे त्याची पावलं मागे सरली. मग त्यानं घोड्याला थाप मारल्याचा आवाज आला आणि टांगा हलला.

देऊळगावच्या वेशीशी माझे वडील उभे होते. दोघे मित्र एकमेकांच्या गळ्यात पडले नाहीत, तसली रीत नव्हती त्यांची. वडिलांनी मास्टरसाहेबांचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. आज इथंच राहा म्हणून किती विनवलं. ते म्हणाले, घरी दोघीच आहेत. मी बुरखा काढून दिला. त्यांनी तो नीट घडी करून काखेत घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, की वाचत राहा बेटा, वाचणं थांबवू नको. टांगा परत वळला. पडदा तसाच सोडलेला होता. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

पुढचे महिने मामाच्या ओसरीवर गेले. परीक्षा झाली असेल त्या दिवसांत मी मनातल्या मनात दोघींचे पेपर देत होते. वाटायचं, शमीम गेली असेल. नुसतं बोलली, पण मास्टरसाहेबांनी पाठवलंच असेल. पाऊस लागला, ज्वारी गुडघ्याएवढी झाली, आणि सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली. चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. देऊळगावात लोकांनी गूळ वाटला. मीही खाल्ला. मला आनंदच झाला होता, तो नाकारून आज काय करू? आता जालन्याला जाता येईल, एवढंच डोक्यात होतं.

रस्ता मोकळा झाल्याबरोबर वडील मास्टरसाहेबांना भेटायला गेले. परत आले ते आत न येता आडावर जाऊन बसले. पायांवर पाणी घेत राहिले, पोहरा रिकामा झाला की पुन्हा भरून घेत. आई बाहेर आली तेव्हा म्हणाले, "मास्टर गेला."

फौज आल्यावरच्या त्या दिवसांत खेड्यापाड्यांतून मुसलमानांवर फार वाईट वेळ आली. आधी एकांनी केलं, मग दुसऱ्यांनी, आणि भोगलं ते दोन्ही वेळा भलत्यांनीच. मास्टरसाहेबांची एक विधवा बहीण घनसावंगीकडच्या एका खेड्यात होती. तिला आणायला म्हणून ते निघाले. लोकांनी अडवलं तर म्हणाले, त्या बाजूची निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेलीत, मला कोण काय करणार. बहीण दुसऱ्या वाटेनं, एका कुणबी घरातल्या बायकांमध्ये लपून, जालन्याला पोचली. मास्टरसाहेब पोचले नाहीत. त्यांचं काय झालं हे वडिलांना चार जणांनी चार तऱ्हांनी सांगितलं. माती मिळाली नाही. शमीम आणि अम्मी हैद्राबादेला मामूंकडे निघून गेल्या होत्या. घराला कुलूप होतं. वडिलांनी पुन्हा कधी कादराबादेत पाऊल टाकलं नाही. त्या बाजूनं जायची वेळ आली की लांबून वळसा घालत.

पुढच्या साली मी परीक्षेला गेले. वडीलच म्हणाले, की मास्टरनं सांगितलंय तुला. कॉलेज तेच होतं, पण भिंतीच्या आत पूर्वीचं हसणं राहिलं नव्हतं. बऱ्याच मुली आल्याच नव्हत्या. उर्दूतून परीक्षा घ्यायची ती शेवटची-शेवटची वर्षं, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. बडी आपा थकल्या होत्या. मी शमीमचं विचारलं तर म्हणाल्या, की मागच्या साली बसली नाही, यंदाही निरोप पाठवला होता, आली नाही. पत्ता त्यांनीच दिला.

मामूंचं घर एका अरुंद गल्लीत होतं. शमीमनं दार उघडलं. वाळली होती, पण तीच होती. मी आत गेले तशी खाटेवर बसलेली अम्मी एकदम उठली. माझ्याकडे बघून तिचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, चला, निदान अम्मी तरी सावरलीय. ती दारापर्यंत आली, माझ्या मागे बाहेर पाहिलं, गल्लीच्या टोकापर्यंत पाहिलं. मग मला विचारलं,

"मास्टरसाब पीछे आरे क्या? तेरेकूच छोडने गए थे ना."

मी शमीमकडे पाहिलं. तिनं मान हलवली, काही बोलू नकोस म्हणून. अम्मीच्या मनात मास्टरसाहेब बहिणीला आणायला गेलेच नव्हते. ते टांग्यातून मला देऊळगावला पोचवायला गेले होते आणि अजून परतायचे होते. अधूनमधून ती ठीक असे, भाकरी थापे, भाजी निवडे. पण दारावर थाप पडली की हातातलं टाकून धावे, आणि कुणी लक्ष ठेवलं नाही तर रस्त्यानं चालत सुटे. परीक्षेचा अर्ज करायच्या दिवसांत ती अशीच दोनदा हरवली होती. शमीमनं अर्ज केलाच नाही. दुपारी गल्लीतल्या मुलींना शिकवत असे, तेही दाराशी बसून, एक डोळा अम्मीवर ठेवून. प्रबंधाचं मी विचारलं. ती म्हणाली, आता ते नको. तिच्या अम्मीचं बोलणं ऐकत पेन्सिल उचलणारी मुलगी आता अम्मी बोलायला लागली की विषय बदलायची.

त्यानंतर वर्षा-दीड वर्षात ती माणसं मामूंबरोबर कराचीला गेली असं ऐकलं. खरं-खोटं मला कधी कळलं नाही. मी पास झाले, जालन्याला शाळेत लागले, मुलींना तीस-एक वर्षं भाषा शिकवली. मुलींनी "नक्को" म्हटलं तर मी कधी टोकलं नाही. सोबतच्या बाईंना ते आवडत नसे. आता जालन्यात मॉलसारखी दुकानं आलीत, बियाण्याच्या कंपन्यांच्या पाट्या लांबवर दिसतात, पण बाजारात मिरच्या मोलवणाऱ्या बायका अजून तसंच बोलतात आणि मी भाजी घेता घेता उगीच जास्त वेळ थांबते.

मी परीक्षेला गेले त्या साली माझा शेवटचा पेपर भाषेचा होता. सकाळी कॉलेजच्या फाटकाशी पोचले तर शमीम उभी. अम्मीला शेजारणीपाशी बसवून आली होती. मी आत गेले. तीन तास लिहून बाहेर आले तर ती तिथंच, भिंतीच्या कडेला, ऊन सरकलं तसं सावलीमागे सरकत बसलेली.  तिनं हात पुढे केला. मी प्रश्नपत्रिका तिच्या हातात दिली.

ती वाचत चालायला लागली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिनं चालता चालताच दिलं, हळू आवाजात, एकेक मुद्दा सोडवत. मग दुसऱ्याचं. मी जे अर्ध्या पानात आटोपलं होतं ते ती चौक ओलांडेपर्यंत सांगत होती, आणि मी विसरलेली दोन उदाहरणं तिनं दिली. तिसऱ्याला तिचा आवाज जरा वर चढला. बुरख्याची पट्टी तिनं केव्हाच मागे टाकली होती. रस्त्यातले लोक बघत होते, तिचं लक्ष नव्हतं. मी ऐकत होते. मध्ये एकदा थांबून तिनं विचारलं, बरोबर आहे ना गं? मी हो म्हणाले. गच्चीवर म्हणायची तशी.

शेवटच्या प्रश्नापर्यंत आम्ही त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आलो. बोलभाषेनं लेखी भाषेला काय दिलं, असा काहीसा तो प्रश्न होता. तो वाचून ती जागच्या जागी उभी राहिली. मग हसली, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा. "सुन," म्हणाली, आणि बोलायला सुरुवात केली.

दोन-तीन वाक्यं झाली असतील. गल्लीच्या आत अम्मी दिसली. अनवाणी, डोक्यावर पदर नाही, येणाऱ्या प्रत्येक टांग्याकडे वाकून बघत.

शमीमचं वाक्य अर्धं राहिलं. तिनं प्रश्नपत्रिका माझ्या हातात दिली, पट्टी पुढे ओढली, आणि भराभर चालत जाऊन अम्मीचा हात धरला. तिच्याशी काहीतरी बोलत बोलत तिला घराकडे वळवलं. दार लागलं. मी उन्हात तशीच उभी होते. त्या प्रश्नाचं उत्तर मी पेपरात लिहिलं होतं, मार्कही मिळाले. शमीम काय सांगणार होती ते मात्र मला कधीच कळलं नाही.